जुनी स्कोडा, फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यू घ्यायची म्हणताय? आधी मेकॅनिक शोधा, मग गाडी

पाच-सहा लाखात स्कोडा ऑक्टाव्हिया, आठ-नऊ लाखात बीएमडब्ल्यू थ्री सिरीज अशा जाहिराती दिसल्या की डोकं फिरतं, साहजिक आहे, कारण गाड्या खरंच भारी असतात. खंबाटकीच्या वळणांवर एकदा चांगली ठेवलेली स्कोडा लॉरा चालवली की बाकी गाड्यांत बसल्यावर काहीतरी कमी वाटत राहतं. म्हणून मी कुणालाच घेऊ नका असं सांगत नाही. पण कशी घ्यायची आणि घेतल्यावर कशी ठेवायची ते नीट कळलं पाहिजे, नाहीतर दोन वर्षांत कंटाळून मिळेल त्या भावात काढून टाकता आणि वर जन्मभर सांगत फिरता की जर्मन गाड्या भंगार असतात.

पहिली गोष्ट, गाडीची किंमत पडते पण पार्टची पडत नाही. नवी असताना वीस लाखांच्या घरात गेलेली गाडी दहा वर्षांनी पाच लाखात मिळते, पण तिचा गिअरबॉक्स, इंजेक्टर, हेडलाइट, एसीचा कॉम्प्रेसर हे सगळं वीस लाखाच्या गाडीच्याच भावाने येतं, आणि कधी कधी तर नवी होती तेव्हापेक्षा जास्त. त्यामुळे माझा साधा हिशोब असा आहे की पाच लाखाची गाडी घ्यायची असेल तर हातात साडेसहा लाख पाहिजेत, आणि ते वरचे दीड लाख पहिल्या वर्षात हात न लावता वेगळ्या खात्यात ठेवायचे. गाडी लोनवर आणि दुरुस्ती क्रेडिट कार्डवर असा बेत असेल तर थांबा, अजून एक वर्ष पैसे साठवा. हे मी कळकळीने सांगतोय कारण चांगल्या गाड्या ह्याच एका कारणाने वाया जाताना दिसतात, मालकाकडे पैसे नसतात म्हणून काम पुढे ढकललं जातं आणि पाच हजाराचं काम पन्नास हजाराचं होतं.

मेकॅनिक कसा शोधायचा

गाडी बघायला जायच्या आधी हे करायचं. तुमच्या शहरात, किंवा टोइंग परवडेल एवढ्या अंतरावर, त्या ब्रँडचं रोज काम करणारा माणूस आहे का ते बघा. पुणे-मुंबईत, छत्रपती संभाजीनगरला, नाशिकला असे लोक मिळतात. तालुक्याच्या गावी राहत असाल आणि जवळचा जाणकार दीडशे किलोमीटरवर असेल तर प्रामाणिकपणे सांगतो, दुसरी गाडी बघा.

त्याच्याकडे गेल्यावर पहिला प्रश्न स्कॅनरचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणाऱ्या यंत्राचा. पाचशे-हजार रुपयांचं ब्लूटूथवालं ओबीडी डोंगल लावून फक्त इंजिनचे मोजके कोड दिसतात, त्याच्यावर ह्या गाड्यांचं काम चालत नाही. फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडीला व्हीसीडीएस किंवा कंपनीचं ओडिस, बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेंट्री असं त्या ब्रँडचं डायग्नोस्टिक पाहिजे, कारण गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, दरवाजे सगळ्यांची वेगवेगळी मॉड्युल असतात आणि प्रत्येकात वेगळे कोड साठतात. काम झाल्यावर अ‍ॅडॅप्टेशन, म्हणजे नवीन पार्ट गाडीच्या कॉम्प्युटरला ओळखीचा करून देणं, करावं लागतं ते पण ह्याच्यातूनच. बीएमडब्ल्यूत तर साधी बॅटरी बदलली तरी ती गाडीत रजिस्टर करावी लागते, नाहीतर गाडी नवीन बॅटरीला जुनीच समजून चार्ज करत राहते आणि ती लवकर संपते. हे ज्याला माहीत नाही त्याच्याकडे बीएमडब्ल्यू नेऊ नका.

दुसरं म्हणजे त्याची बोलायची पद्धत बघा. "हा सेन्सर बदलून बघू, नाही गेलं तर तो बदलू" असं म्हणणारा माणूस तुमच्या पैशाने अंदाज लावतोय. ह्या गाड्यांत सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो, खरा मोडलेला पार्ट एक असतो आणि त्याच्या आधी चार चांगले पार्ट बदलून झालेले असतात. चेक इंजिन लाइट लागला, कोड आला मिसफायरचा (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही), लगेच इंजेक्टर बदला म्हणतात, अरे पण आधी स्पार्क देणारी कॉइल ह्या सिलिंडरची त्या सिलिंडरला लावून बघ ना, मिसफायर कॉइलबरोबर तिकडे गेला तर कॉइल खराब, एवढं सोपं असतं. फोक्सवॅगन-स्कोडाच्या टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल, इंजिनात इग्निशन कॉइल जाणं नेहमीचं आहे, एक चांगली कॉइल डिकीत ठेवून द्या. चांगला मेकॅनिक आधी बॅटरीचं व्होल्टेज बघतो, कारण बॅटरी कमजोर झाली की ह्या गाड्या दहा ठिकाणी खोटे एरर दाखवतात, मग तो वायरिंग आणि अर्थिंग बघतो आणि शेवटी पार्टवर येतो.

काढलेला जुना पार्ट परत देतो का, नवीन पार्टचा बॉक्स तुमच्यासमोर फोडतो का, बिल देतो का हे पण विचारा. आणि गाडी घ्यायच्या आधीच त्याला सांगा की मी अशी गाडी बघतोय, तपासायला तू ये, तुझे जे होतील ते देतो. दोन-तीन हजार घेईल, घेऊ द्या, इतकं स्वस्त काम ह्या सगळ्या प्रकरणात पुढे एकही नाही.

कुठली गाडी

हे आपल्या महाराष्ट्राच्या लोकांना कळायला सोपं आहे कारण अर्ध्या गाड्या इथेच बनल्यात. फोक्सवॅगनच्या पोलो, व्हेंटो आणि स्कोडाची रॅपिड चाकणच्या कारखान्यात बनायच्या, त्यांचे बरेच पार्ट इथेच तयार होतात, म्हणून बंपर, सस्पेन्शन, क्लच, ब्रेक हे सगळं सहज आणि त्यातल्या त्यात रास्त भावात मिळतं. लॉरा, ऑक्टाव्हिया, सुपर्ब, जेटा, पसाट ह्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला बाहेरून आलेल्या किटमधून जोडलेल्या, त्यामुळे पार्ट महाग आणि काही गोष्टींसाठी दोन-चार आठवडे थांबायची तयारी पाहिजे. पहिलीच युरोपियन गाडी असेल तर पोलो-व्हेंटो-रॅपिडपासून सुरुवात करा, आणि तीही मॅन्युअल.

मॅन्युअल का, तर डीएसजीमुळे, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाच्या दोन क्लचवाल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समुळे. डीएसजी म्हणजे एकच गिअरबॉक्स नाही हे आधी समजून घ्या. सहा स्पीडचा डीक्यू२५० आहे, त्याचे क्लच तेलात बुडालेले असतात, तो ऑक्टाव्हियाच्या २.० टीडीआयमध्ये (टीडीआय म्हणजे टर्बो डिझेल), जुन्या लॉरा डिझेल ऑटोमॅटिकमध्ये येतो. त्याचं तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदललेलं असेल तर तो गुणी गिअरबॉक्स आहे, बदलल्याचं बिल मात्र बघायला मागा. दुसरा सात स्पीडचा डीक्यू२००, कोरड्या क्लचचा, तो पोलो जीटी १.२ टीएसआय, व्हेंटोचे १.२ टीएसआय आणि टीडीआय, रॅपिड डिझेल, ऑक्टाव्हिया १.८ आणि सुपर्ब १.८ टीएसआय ह्यांच्यात आहे. चालतो तेव्हा इतका मख्खन चालतो की दुसरं काही नको वाटतं, पण हिंजवडीच्या किंवा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज तास-दीड तास रांगत चालवला की क्लच तापतात, आणि त्याचं मेकाट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारं हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक असं एकत्र युनिट, हे वयाबरोबर जाऊ शकतं. फोक्सवॅगनने स्वतः २०१३ मध्ये जगभरात १६ लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावून ह्या गिअरबॉक्सचं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल टाकलं होतं, म्हणजे हे काही गॅरेजवाल्यांनी उठवलेलं नाही.

पूर्ण मेकाट्रॉनिक नवीन टाकायचं तर दीड-दोन लाखांच्या आसपासची तयारी ठेवा, क्लच पॅक वेगळा, तोही लाखाच्या घरात. हल्ली काही स्वतंत्र गॅरेजवाले आतला फुटलेला अ‍ॅक्युम्युलेटर (तेलाचा दाब साठवणारा भाग) किंवा बोर्ड तेवढाच दुरुस्त करतात आणि खर्च बराच खाली येतो, पण ते काम हात बसलेल्या माणसाचंच आहे, आणि क्लच बसवताना खास टूल लागतात. ट्रायल घेताना पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना थरथर, रिव्हर्स टाकल्यावर उशीर, डॅशबोर्डवरचा गिअरचा आकडा ब्लिंक होणं, फक्त विषम किंवा फक्त सम गिअर लागणं, ह्यातलं काहीही दिसलं तर भाव करत बसू नका, निघा तिथून. ऑटोमॅटिकच पाहिजे असेल तर रॅपिड १.६ पेट्रोलचा किंवा २०२० नंतरच्या पोलो-रॅपिड १.० टीएसआयचा साधा टॉर्क कन्व्हर्टर (कोरड्या क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा ऑटोमॅटिक) घ्या, डोक्याला शांतता.

बीएमडब्ल्यूबद्दल थोडक्यात. साधारण २०१५ च्या आधीच्या ३२०डी, ५२०डी, एक्स१ मध्ये एन४७ डिझेल इंजिन आहे आणि त्याची टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद ठेवणारी साखळी) इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे, म्हणजे चेन बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवणं आलंच. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर मागून घासल्यासारखा किंवा खडखड आवाज आला तर ती गाडी सोडा. शिवाय रनफ्लॅट टायर (पंक्चर झाले तरी काही अंतर चालणारे), स्टेपनी नसते आणि एका टायरला आपल्या साध्या गाडीचे दोन-तीन टायर येतील एवढे पैसे जातात. मर्सिडीजमध्ये एअर सस्पेन्शनवाली जुनी गाडी रात्रभर उभी केल्यावर सकाळी एका बाजूला बसलेली दिसली तर आत गळती आहे. ऑडी ए४, ए६ मध्ये मल्टीट्रॉनिक नावाचा सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असलेल्या गाड्यांपासून मी तरी चार हात लांब राहीन.

फियाटचं वेगळं आहे. कंपनीने आपल्याकडून गाशा गुंडाळला तरी पुंटो-लिनियाचं १.३ मल्टिजेट हेच इंजिन मारुतीने स्विफ्ट-डिझायरमध्ये वर्षानुवर्षं विकलं, म्हणून इंजिनचे पार्ट गल्लीतही मिळतात, अडचण येते ती बॉडी, हेडलाइट आणि इंटिरिअरच्या पार्टची.

बघायला जाल तेव्हा

मालकाला आदल्या दिवशी सांगा की गाडी चालू करून ठेवू नको, मी आल्यावर थंडच चालू करायची. बॉनेटवर हात ठेवून बघा, गरम असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. चेनचा आवाज, डिझेलचा धूर, इंजेक्टरची टकटक, सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं आणि गरम झाल्यावर लपतं.

मग पूर्ण स्कॅन. सगळे कोड "आत्ताच क्लिअर केलेत" असं दिसलं तर तोही एक निरोपच आहे, वीस-पंचवीस किलोमीटर चालवून परत स्कॅन मारा. मीटर मागे फिरवलेलं असतं का, तर हो, सर्रास असतं, पण ह्या गाड्यांत किलोमीटर एकाच जागी नसतात, जुन्या फॉल्ट कोडबरोबर तो कोड किती किलोमीटरला आला ते साठवलेलं असतं, बीएमडब्ल्यूच्या चावीत सुद्धा असतं, त्यामुळे मीटरवर ६०,००० आणि गिअरबॉक्सच्या कोडवर १,१०,००० असं दिसलं की खेळ संपला. सर्व्हिस हिस्टरीसाठी मालकालाच घेऊन सर्व्हिस सेंटरला जा, किंवा त्याच्याकडून छापील बिलं मागा. नुसतं "सगळं शोरूमला केलंय" हे ऐकून घेऊ नका.

कुलंटची टाकी उघडून बघा (इंजिन थंड असतानाच), फोक्सवॅगन-स्कोडा-ऑडीत गुलाबी-जांभळट रंगाचं पाहिजे. नुसतं पाणी दिसलं, तांबूस गंज दिसला तर कुणीतरी बोअरचं पाणी ओतत आलंय आणि आत क्षार साचलेत. थर्मोस्टॅट हाउसिंग आणि वॉटर पंपाच्या आजूबाजूला वाळलेला गुलाबी थर दिसला म्हणजे गळती सुरू आहे, ते प्लास्टिकचे भाग उष्णतेने चिरतातच. पोलो-व्हेंटोत एसी दहा मिनिटं फुलवर ठेवा, कुलिंग कॉइल लीक होणं त्यांचा जुना आजार आहे आणि ती काढायला अख्खा डॅशबोर्ड उतरवतात.

आणि कार्पेट. हे फार कमी लोक बघतात. मॅट उचलून पुढच्या आणि मागच्या पायाखाली हात दाबून बघा, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात बघा. सनरूफच्या चारी कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या नळ्या असतात, वायपरच्या खाली पण निचऱ्याची जागा असते, तिथे पानं-माती अडकली की आपल्या पावसाळ्यात पाणी थेट आत येतं आणि बऱ्याच जर्मन गाड्यांत इलेक्ट्रॉनिक मॉड्युल कार्पेटखाली, सीटखाली किंवा डिकीतच असतात. ओलसर कार्पेट, कुबट वास, सीटच्या रेल्सना गंज दिसला तर कितीही स्वस्त असू दे, नको. पुरात बुडालेली गाडी कधीच पूर्ण बरी होत नाही.

कागदपत्रांत दिल्ली पासिंगच्या गाड्यांबद्दल एवढंच की दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर तिकडे बंदी घालणाऱ्या एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवाद) २०१५ च्या आणि सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या आदेशानंतर दहा वर्षांच्या आसपास आलेल्या डिझेल गाड्या तिकडून स्वस्तात इकडे येऊ लागल्या. गाडी चांगली असू शकते, पण तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवीन एमएच नंबर ह्याचा खर्च आणि हेलपाटे धरूनच भाव करा. जुन्या मालकाचं लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरला २९ आणि ३०. इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या, मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा त्याच्याकडे जातो, तो तुम्हाला मिळत नाही.

घेतल्यावर पहिला महिना

गाडी घरी आली की मिरवायच्या आधी गॅरेजला. इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेक ऑइल, कुलंट, स्पार्क प्लग, कोण काय म्हणतंय ते न ऐकता सगळं नवीन. ऑइलच्या डब्यावर नुसतं ५डब्ल्यू-४० बघून चालत नाही, मागे कंपनीचं अप्रूव्हल लिहिलेलं असतं, टीएसआय पेट्रोलला व्हीडब्ल्यू ५०२ ००, डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) डिझेलला ५०७ ००, ते बघूनच घ्या. कंपनी १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष म्हणते, आपल्या धुळीत आणि ट्रॅफिकमध्ये मी ८,००० ते १०,००० ला बदला म्हणेन, विशेषतः १.८ टीएसआयला, आणि ती ऑइल खाते म्हणून दर महिन्याला डिपस्टिक पण बघायची.

टीडीआय असेल तर टायमिंग बेल्ट. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन जातं. बेल्ट एकटा नाही, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप सगळं एकदम, कारण लेबर एकदाच पडतं. वीस ते तीस हजार लागतील, इथे काटकसर नको.

पार्टच्या बाबतीत शोरूमच्या काउंटरवरच जायला पाहिजे असं नाही. कंपनीच्या डब्यातला पार्ट बऱ्याचदा बॉश, माले, मान, साक्स, लुक, व्हॅलेओ, लेमफोर्डर ह्यांनीच बनवलेला असतो आणि त्यांच्या स्वतःच्या डब्यात तो स्वस्त मिळतो. पार्ट नंबर चेसिस नंबरवरून काढून घ्या, नुसतं "ऑक्टाव्हियाचं द्या" म्हणालात तर चुकीचं येणार. मुंबईत कुर्ला आणि पुण्यात नाना पेठ फिरून या, ऑनलाइन पण नंबर टाकून शोधता येतं. बंपर, आरसे, हेडलाइट, दरवाजाची मोटर हे जुनं चालतं. ब्रेक, सस्पेन्शनचे बुश, बेल्ट, वॉटर पंप, एअरबॅग हे कधीच जुनं घेऊ नका. स्वस्त डुप्लिकेट बुश सहा महिन्यांत खटखट करायला लागतात आणि लेबर परत द्यावं लागतं.

रोजचं चालवणं

डीक्यू२०० असेल तर पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकू नका, थोडी जागा पडू द्या आणि मग एकदम दोन-तीन गाड्यांइतकं पुढे जा, कारण रांगताना क्लच अर्धवट घासत असतो. उभं असताना ब्रेक पूर्ण दाबून ठेवा म्हणजे क्लच सुटतो, आणि चढावर अ‍ॅक्सिलरेटरने गाडी तोलून धरायची सवय असेल तर आजच मोडा. डीपीएफवाली डिझेल फक्त दूध-भाजी आणि शाळेसाठी वापरणार असाल तर घेऊ नका. फिल्टर साफ व्हायला अधूनमधून हायवेला पंधरा-वीस मिनिटं सलग २,००० आरपीएमच्या वर चालवावं लागतं. बंद पडली तर फ्लॅटबेडच मागवा, पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढत नेऊ देऊ नका.

मनस्ताप मात्र पैशाने सुटत नाही, तो धरून चला. एखादा पार्ट यायला तीन आठवडे लागतील आणि तोवर गाडी गॅरेजमध्ये उभी राहील, सर्व्हिस सेंटरला दुरुस्तीऐवजी अख्खी असेंब्ली बदलायचं एस्टिमेट मिळेल, अशा वेळी लगेच हो म्हणू नका, कोड आणि पार्ट नंबर लिहून घ्या आणि दुसऱ्या जाणकाराला दाखवा. ऑफिसला जायला घरात दुसरं काहीतरी चालू वाहन पाहिजेच, स्कूटर असली तरी चालेल. एकुलती एक गाडी म्हणून दहा वर्षं जुनी ऑडी घेणाऱ्याला मी नेहमी नाही म्हणतो. पावसाळ्याआधी मे महिन्यात सनरूफ आणि वायपरखालचे निचरे साफ करून घ्या, अ‍ॅल्युमिनियमचा ऑइल सम्प (इंजिनखालची ऑइलची टाकी) स्पीडब्रेकरवर आपटून फुटतो म्हणून खाली गार्ड लावा, आणि इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शन मिळत असेल तर घ्या. पाण्यात बंद पडली तर परत स्टार्ट मारू नका.

विकायची कधी, तर एका झटक्यात येणारं काम गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेलं आणि त्यानंतर अजून दोन मोठी कामं रांगेत दिसत असतील तेव्हा. विकताना सगळ्या बिलांची फाइल, दोन्ही चाव्या आणि ताज्या स्कॅनचा प्रिंट घेणाऱ्याच्या हातात द्या, बाकी असलेलं काम सांगून टाका. भाव वीस-तीस हजाराने कमी येईल, येऊ द्या.